शिंद्यांच्या ‘बायांचे बंड’ : मागणी नेमकी काय होती?

ग्वाल्हेरच्या इतिहासात ‘बायांचे बंड’ बहुधा एका ओळीत उरकले जाते. मला वाटते, या नावामुळेच गोष्ट उलटी होते. बायांनी आधी शस्त्र उचलले नव्हते, आधी त्यांनी आपली नेमणूक मागितली होती.

महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. मुलगा नव्हता, म्हणून पुतण्याचा मुलगा दौलतराव गादीवर आला. लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई या विधवांची नीट तजवीज करण्याचे त्याने कबूल केले होते. ती झाली नाहीच, उलट होते तेही कमी होत गेले. त्यातच दौलतरावाने धाकट्या भागीरथीबाईंशी संबंध ठेवल्याचा आरोप थोरल्या दोघींनी उघडपणे केला. म्हणजे भांडण पैशाचेही होते आणि अब्रूचेही.

दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याने १७९८ मध्ये त्यांना फटके मारवले आणि नगरच्या किल्ल्याकडे रवाना केले. वाटेत मुजफ्फरखान या पठाण सरदाराने त्यांना सोडवले. त्या पेशव्यांचे बंधू अमृतराव यांच्या छावणीत आल्या, तर जून १७९८ मध्ये घाटग्याने खडकीजवळ त्या छावणीवरच हल्ला केला. इथून घरचे भांडण यादवी युद्ध झाले. महादजींच्या वेळचे जुने सरदार बायांच्या बाजूला गेले. त्यांत लखबादादा लाड प्रमुख. दक्षिणेतून ही लढाई उत्तरेत आली आणि १८०१ मध्ये दतियाजवळ सेवढा येथे पेरॉनने लखबादादांचा पराभव केला.

सरदारांना यात स्वतःची सत्ता राखायची होती, हे खरेच. पण छळ सोसूनही बाया गप्प बसल्या नाहीत, म्हणून त्या सरदारांना लढायला एक न्याय्य कारण मिळाले. बायांचे काम एवढे मोठे होते.

आता दुसरी बाजू. घाटग्याची मुलगी बायजाबाई, तिचे लग्न दौलतरावाशी त्याच १७९८ साली झाले. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर तिने राज्य चालवले, पण १८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजीराव याच्या पक्षाने तिला बाहेर काढले. मग कंपनीच्या मुलुखात राहून तीही आपल्या उत्पन्नासाठी झगडत बसली. सासऱ्याकडच्या विधवांवर आली तीच वेळ!

आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या सनदा, हिशेब असतील तर एवढे जरूर पाहा : बायकांच्या नावची नेमणूक कुठल्या साली थांबली, आणि कोणाच्या हुकुमाने.