जे ठाऊक नाही ते शोधायचं कसं? कॅडच्या पहिल्या पायरीविषयी

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावरच्या आरेखनाविषयी बोलावे, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण प्रश्न आमच्या दारात आला, आणि पाहतो तर तो आमच्याच विषयाचा निघाला.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. आयटीआयमधून फिटर झालेला. कॅड आलं तर कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर बसता येईल, म्हणून घरच्यांनी पैसे जमवून त्याला एका वर्गाला घातलं. तीन महिन्यांत कमांड तोंडपाठ झाल्या, प्रमाणपत्रही मिळालं. मुलाखतीला गेला, तर समोरच्यांनी हातात लोखंडाचा एक ब्रॅकेट आणि व्हर्नियर दिला आणि म्हणाले, "हा काढून दाखव." पोरगा वीस मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसला आणि उठून आला. संध्याकाळी आम्हाला विचारतो, "सर, मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ आहेत. त्यातला कुठला बघू?"

हा प्रश्न प्लेटोच्या 'मेनो' या संवादात आहे. मेनो सॉक्रेटिसला अडवतो : जे मुळात ठाऊकच नाही ते शोधणार कसं, आणि सापडलं तरी हेच ते, हे ओळखणार कसं? नवशिक्याची अडचण नेमकी हीच असते. साधनं भरपूर आहेत. पण चांगलं कुठलं हे कळायला विषय आधी यायला हवा, आणि विषय यायला चांगलं साधन हवं.

सॉक्रेटिस काय करतो? तो एका गुलाम पोराला बोलावतो आणि त्याच्यापुढे चौरस काढतो. दोन फूट बाजूचा चौरस. त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा कसा काढशील? पोरगा म्हणतो, बाजू दुप्पट करतो. काढून बघितलं तर क्षेत्रफळ चौपट! मग तीन फूट म्हणतो, तेही चुकतं. शेवटी चौरसाच्या कर्णावर उत्तर सापडतं. म्हणजे समोर एक ठरावीक आकृती आहे, आणि आपली चूक ती आकृतीच दाखवते आहे. आम्ही त्या मुलाला म्हटलं, "कुठला व्हिडिओ, हे नंतर बघू. काढायचं काय आहे, ते आधी सांग."

तो म्हणाला, "तोच ब्रॅकेट."

इथे निम्मी निवड आपोआप झाली. घराचा नकाशा काढायचा असता तर ऑटोकॅड किंवा लिब्रेकॅडसारखं सपाट आरेखनाचं साधन चाललं असतं. शाळेतल्या मुलाला ब्राउझरमध्येच चालणारं टिंकरकॅड पुरतं. यंत्राचा सुटा भाग काढायचा, तर मापं बदलली की आकार बदलतो असं घन आकाराचं सॉफ्टवेअर हवं. सॉलिडवर्क्स, फ्यूजन ही त्यातली. आम्ही फ्रीकॅड घेतलं, कारण ते फुकट आहे आणि त्याची मुदत संपत नाही.

आता या साधनांमागची मूळ कल्पना समजून घेऊ या. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम सादर केला. प्रकाशाच्या पेनाने पडद्यावर कच्ची रेघ ओढायची आणि यंत्राला सांगायचं, या दोन समांतर, त्या दोन काटकोनात. म्हणजे रेघ ओढणं वेगळं आणि रेघांमधलं नातं सांगणं वेगळं. या नात्याला कन्स्ट्रेंट म्हणतात. वर्गात त्या मुलाला रेघा शिकवल्या होत्या. नाती राहून गेली होती.

फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये साधा आयत काढून बघा. तो सांगतो की चार गोष्टी अजून मोकळ्या आहेत : लांबी, रुंदी आणि पडद्यावरची जागा आडवी-उभी. त्या चारही बांधल्या की रेघा हिरव्या होतात. आम्ही दोघांनी ब्रॅकेटचा 'एल' आकार काढला, सगळी मापं बांधली, 'पॅड' करून त्याला जाडी दिली आणि 'पॉकेट' करून भोकं पाडली. मग एक बाजू ४० मिलिमीटरवरून ५० केली. भोक काठाबाहेर गेलं! कारण ते कुठल्या काठापासून किती, हे आम्ही चुकीच्या बाजूने सांगितलं होतं. त्या दिवशी आम्ही खरं शिकलो.

आता व्हिडिओ किंवा पुस्तक निवडताना काय पाहावे? एक, आवृत्ती. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. जुन्या धड्यातली बटणं तिथे दिसतीलच असं नाही. दोन, शिकवणारा फक्त 'इथे क्लिक करा' म्हणतो, की का करायचं तेही सांगतो? तीन, धड्याअखेर एक पूर्ण वस्तू तयार होते का? फ्रीकॅडच्या स्वतःच्या माहितीत पार्ट डिझाइनचा प्राथमिक धडा आहे, तो या कसोटीला उतरतो. चार, मापं इंचात की मिलिमीटरमध्ये? आणि प्रोजेक्शन कुठलं? आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राखाली येतं. अमेरिकन धड्यात थर्ड अँगल असतो, तिथे ते वर येतं. हे लक्षात घेतलं नाही तर भाग उलटा समजायचा.

बघण्याची रीतही महत्त्वाची. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे आहेत, बरेच मराठीतही. एका खिडकीत धडा, शेजारी आपलं सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत स्वतः करायचं, ही तिथली पद्धत. कुठलाही व्हिडिओ तसाच बघा. आणि संपल्यावर तो बंद करून तीच वस्तू पुन्हा काढा. अडाल तिथे तुमचा पुढचा धडा आहे.

त्या मुलाला अजून नोकरी लागलेली नाही. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलाखत आहे. पण आता तो कुठला व्हिडिओ बघू, असं विचारत नाही. परवा येऊन आमच्या दाराची कडी मोजून गेला.