बँड, वाद्यवृंद आणि मधला कागद

आमच्या मोताळ्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातला रंगमंच डोळ्यांपुढे येतो : दोन-तीन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मध्ये मध्ये विनोद सांगणारा निवेदक. ‘बँड’ म्हटले की वरात. पाश्चात्त्य संगीतात या दोन्ही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. ते लक्षात घेतले, तरच गेल्या साठेक वर्षांत जगभर रुळलेला एक प्रयोग नीट समजतो. रॉक बँड आणि चेंबर ऑर्केस्ट्रा यांनी एकाच मंचावर, श्रोत्यांसमोर, एकत्र वाजवायचे, असा हा प्रयोग.

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे छोटा वाद्यवृंद. त्यात साधारण पंधरा ते चाळीस वादक असतात. व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास ही गजाने वाजणारी वाद्ये हा त्याचा कणा. सोबत गरजेप्रमाणे बासरी, ओबो, हॉर्न. सिम्फनी ऑर्केस्ट्रा याहून बराच मोठा. मुंबईत जिनी दिनशॉ यांनी १९६२मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला; पुढे २००६मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. रॉक बँड मात्र चार-पाच जणांचा : गिटार, बास गिटार, ड्रम, गायक. त्यातल्या ‘इंडी’ या विशेषणाचा ‘इंडियन’शी संबंध नाही. ते ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप असून बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधाराशिवाय वाढलेल्या बँडांसाठी ते रूढ झाले. त्याच परंपरेतून पुढे आलेल्या ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ या अमेरिकन बँडने २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मॅजिक मॅजिक ऑर्केस्ट्रा’बरोबर दौरा केला होता.

या दोघांना एकत्र बसवण्यात पहिली अडचण आवाजाची. ड्रमच्या एका ठोक्यात अनेक व्हायोलिने बुडून जातात. आवाज दहा डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दहापट होते. त्यामुळे व्हायोलिनवादक नुसते वाढवून ही तूट भरत नाही. म्हणून ड्रमभोवती पारदर्शक पडदे उभारतात, प्रत्येक तंतुवाद्याला छोटा मायक्रोफोन चिकटवतात आणि वादकांना एकमेकांचे वादन कानातल्या यंत्रातून ऐकवतात. दुसरी अडचण स्वराची. वाद्यवृंद ओबोच्या स्वरावर जुळतो. गिटारवाले पुष्कळदा गायकाच्या सोयीने सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवतात. मग गिटारवर सोपे असलेले गाणे व्हायोलिनवाल्यांना अवघड पट्टीत जाते.

ही दोन्ही कामे तंत्रज्ञ निभावून नेतात. खरी अडचण तिसरी आहे. बँडचे संगीत कानात आणि नजरेत असते, तर वाद्यवृंदाचे कागदावर. वारकरी भजनात बुवांनी चरण पुन्हा घेतला की पखवाजवाला आणि टाळकरी न सांगता मागे येतात. बँडही तसाच चालतो. गायकाने मान हलवली की आणखी एक आवर्तन होते. वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवादकापुढे मात्र मोजलेल्या मात्रांचा कागद असतो. तिथे आवर्तन वाढले, तर पंचवीस जण चुकीच्या जागी पोहोचतात. म्हणून दोघांमध्ये एक माणूस लागतो, अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक. तो बँडचे गाणे ऐकतो, प्रत्येक वाद्याचा भाग स्वरलेखनात लिहितो आणि लांबू शकणाऱ्या जागी ‘हात वर होईपर्यंत हेच चार ठेके’ अशी खूण करून ठेवतो. कार्यक्रम उभा राहतो तो या कागदावर.

त्या कागदाचे मोल एका प्रसंगाने सिद्ध झाले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘डीप पर्पल’ या रॉक बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर तीन भागांची एक रचना सादर केली. ती बँडचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी लिहिली होती आणि संचालक होते माल्कम अर्नॉल्ड. तालमीत वाद्यवृंदातल्या काहींनी नाके मुरडली, पण अर्नॉल्ड ठामपणे लॉर्ड यांच्या पाठीशी राहिले. १९७०मध्ये ही रचना लॉस एंजेलिसला पुन्हा वाजली आणि नंतर तिची मूळ संहिता हरवली. बँड होता, वाद्यवृंद होते, ध्वनिमुद्रिकाही घरोघरी होत्या. तरी जवळजवळ तीन दशके ती रचना वाजू शकली नाही. अखेर मार्को डी खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून आणि चित्रफीत पाहून सारी संहिता नव्याने लिहून काढली. सप्टेंबर १९९९मध्ये त्याच सभागृहात ती परत वाजली.

आपल्याकडे हा मधला माणूस फार आधीपासून होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीत उभे केले. अनेक संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवत आणि अरेंजर ती वादकांसाठी कागदावर उतरवत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर याच्याही पुढे गेले. त्यांनी १९५८मध्ये मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराच्या आसपास वादकांकडून रागांवर आधारित स्वतःच्या रचना वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. ‘डीप पर्पल’च्या प्रयोगाच्या अकरा वर्षे आधी, कानाने चालणारे आणि कागदावर चालणारे संगीत मुंबईत एका मंचावर आले होते.

तो वाद्यवृंद टिकला नाही. १९६५च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले आणि परतल्यावर चित्रपटसृष्टीत रमले नाहीत. २०१२मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे, शिष्य प्यारेलाल यांनी दिलेल्या मानवंदनेतून. ते गाणे ऐकून नाचलेल्या बहुतेकांना हा माणूस खरोखर होता, याचीही कल्पना नसते.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१५मध्ये झाकीर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेले ‘पेशकार’ सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने मुंबईत प्रथम वाजवले. २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्या व्हायोलिनांचे सूर आमच्या तालुक्यातल्या एसटीतही वाजले. स्टुडिओत चुकले तर पुन्हा वाजवता येते, मंचावर येत नाही, एवढा फरक सोडला तर दोन्हीकडे मधला कागद तोच.

चित्रपटगीतांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण संपले की त्या कागदांचे काम संपे. ते जपण्याची व्यवस्था नव्हती आणि अरेंजरचे नाव तबकडीवर क्वचितच छापले जाई. ‘डीप पर्पल’ची एक संहिता हरवली तर ती पुन्हा लिहायला कोणीतरी बसले. आपल्या शेकडो गाण्यांसाठी कोण बसणार? यात आपल्या हाती काही आहे. बुलढाणा, मलकापूर, खामगावकडे लग्नाच्या बँडांतले आणि उत्सवी ऑर्केस्ट्रांतले जुने वादक अजून आहेत. त्यांच्या ट्रंकेत स्वरांच्या वह्या असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी आपण तिथे पोहोचायला हवे. वही मिळाली की तिची छायाप्रत काढावी आणि पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि साल नोंदवावे.