भाचा हॉटेलात येतोय, पण शिकायला की राबायला?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब केप कॉडला गेलो होतो. हॉटेलच्या काउंटरवर पाटी: ‘खोलीची सफाई सांगितल्यासच.’ उपाहारगृह दोन दिवस बंद. मॅनेजर म्हणाला, माणसंच मिळत नाहीत. सौ. म्हणाली, “म्हणजे इथेही चादरी मीच बदलायच्या!”

एकट्या एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत हॉटेल, उपाहारगृहे आणि करमणुकीच्या धंद्यातल्या सुमारे ७७ लाख नोकऱ्या गेल्या. त्यातले बरेच जण दुसऱ्या कामांना लागले ते परतलेच नाहीत. शिवाय केप कॉडसारख्या ठिकाणी घरे पर्यटकांना भाड्याने जातात. मग वाढप्याने राहायचे कुठे? हंगामी कामगारांच्या एच-२बी व्हिसाची मूळ मर्यादा वर्षाला ६६,०००. ती पुरत नाही, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या जे-१ व्हिसावर बरीच भिस्त असते.

हे सारे मी विसरूनही गेलो असतो, पण दिवाळीनंतर कोल्हापूरहून ताईचा फोन आला. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या भाच्याला अमेरिकेत वर्षाची इंटर्नशिप मिळत होती. एजंटला तीन लाख रुपये, तेही शनिवारच्या आत!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. मी डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा मागवला. बाराही महिने हाउसकीपिंग! नियम असा, की हॉटेल-पर्यटनातली इंटर्नशिप सहा महिने किंवा अधिक असेल तर किमान तीन विभागांत काम शिकवायला हवे, आणि नेहमीच्या नोकराच्या जागी इंटर्न राबवता येत नाही. डीएस-२०१९ देतो तो अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला प्रायोजक, एजंट नव्हे. आरोग्य विमाही सक्तीचा: दर आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलर, आणि आधी स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरच्या वर नको. अशा मुलांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी सहसा कापत नाहीत. आयकर मात्र भरावा लागतो. कापलीच तर परत मागता येते.

सुधारित आराखडा मागितल्यावर एजंटचे फोन थांबले. ताई महिनाभर बोलली नाही. “तू स्वतः गेलास तेव्हा कोणी अडवलं होतं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. भाचा सध्या पुण्यात एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे आणि दुसरा प्रायोजक शोधतो आहे. या वेळी आराखडा त्याने आधी मला पाठवला. त्यात तीन विभाग आहेत.