वेलिंग्टनला शिकलेले कर्नल

सुट्टीत हुडकोला घरी गेलो होतो. आजोबांनी ॲटलास पुढे ठेवला आणि म्हणाले, "कॅडेट, फिजी दाखव." मला वेळ लागला. प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्याही पुढे, ही बेटे ठिपक्यांएवढी दिसतात. तिथल्या १९८७ च्या लष्करी उठावाची बातमी आजोबांनी रेडिओवर ऐकली होती. "तो कर्नल आपल्याकडेच शिकलेला," ते म्हणाले. मला खरे वाटेना. शाळेत परतल्यावर वाचनालयात शोधले, तर खरेच होते. सितिवेनी राबुका १९७९ साली निलगिरीतील वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजात होते. फिजीकडून ते रग्बीही खेळले.

थोडे मागे जाऊ. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी सुमारे ६०,००० भारतीय मजूर पाच वर्षांच्या कराराने फिजीच्या ऊसमळ्यांवर नेले. 'ॲग्रीमेंट'चे झाले 'गिरमिट' आणि मजूर झाले गिरमिटिये. आपले छत्तीसगड तेव्हा मध्य प्रांतात होते. त्या प्रांतातूनही काहीजण गेले. ही पद्धत बंद करावी असा ठराव नामदार गोखल्यांनी १९१२ साली कायदेमंडळात मांडला, पण सरकारने तो हाणून पाडला.

गिरमिटियांचे पहिले जहाज फिजीला पोचले १४ मे १८७९ रोजी. बरोबर १०८ वर्षांनी, १४ मे १९८७ रोजी, लेफ्टनंट कर्नल राबुका साध्या वेशात संसदेच्या प्रेक्षक सज्जात बसले होते. तोंड झाकलेले सैनिक आत शिरले आणि पंतप्रधान तिमोथी बावाद्रांचे सरकार गेले. बावाद्रा मूळ फिजियन, पण त्यांच्या मंत्रिमंडळात भारतीय वंशाचे मंत्री बरेच होते. सरकार येऊन जेमतेम महिना झाला होता.

मी आमच्या उस्तादांना विचारले, स्टाफ कॉलेजात हे शिकवतात का? ते हसले नाहीत. म्हणाले, "तिथे युद्ध शिकवतात. शपथ त्याने त्याच्या देशात घेतली होती."

फिजीचे सैनिक असेच, असे मात्र कोणी समजू नये. कॉर्पोरल सेफानाइया सुकानाइवालू यांनी जून १९४४ मध्ये बोगनव्हिल बेटावर दोन जखमी साथीदारांना ओढून आणले. तिसऱ्याला आणताना स्वतःच जायबंदी झाले. त्यांना सोडवायला येणारे गोळ्या खाऊ लागले. "येऊ नका" सांगूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते मुद्दाम जपानी मशिनगनसमोर उठून बसले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मला फिजीतले हेच नाव सर्वात मोठे वाटते.

पुढे १९९९ साली महेंद्र चौधरी भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. वर्षभरातच बंदूकधाऱ्यांनी त्यांना ५६ दिवस ओलीस ठेवले. २००६ साली नौदलातून आलेले लष्करप्रमुख बैनिमारामा यांनी पुन्हा उठाव केला. त्यांना डिसेंबर २०२२ मध्ये हटवले ते राबुकांनीच, पण या वेळी निवडणुकीनंतर. मे २०२३ मध्ये, ७४ व्या वर्षी, राबुकांनी १९८७ च्या उठावाबद्दल भारतीय वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली.

रविवारी फोनवर आजोबांना हे सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "आणि ते बावाद्रा?"

ते १९८९ सालीच वारले होते.