मोडक्या खुर्च्यांना गरम टाके

आमच्या शाळेत एक खोली आहे. तिचे कुलूप वर्षातून एकदा भौतिक सत्यापनासाठी निघते, आणि एरवी आणखी एखादी मोडकी खुर्ची आत ढकलावयाची असेल तेव्हा. गेल्या सत्यापनाच्या वेळी आम्ही स्वतः आत शिरून मोजदाद केली, तेव्हा प्लॅस्टिकच्या ३४ खुर्च्या भरल्या. कोणाचा हात तुटलेला, कोणाची पाठ उभी चिरलेली, कोणी तीन पायांवर भिंतीला टेकून उभी. अपलेखनाचा प्रस्ताव, समिती, सह्या आणि लिलाव ही वाट आम्हांस पाठ आहे, आणि ती किती लांब आहे हेही ठाऊक आहे. लाकडी खुर्ची मोडली तर सुतार चूक ठोकून, पाचर मारून तिला पुन्हा कामास लावीत असे. प्लॅस्टिकचे मात्र मोडले ते मोडले, असेच आम्ही तोवर धरून चाललो होतो.

हा समज घालविण्याचे श्रेय एका सांडाकडे जाते. थाटीपुरच्या चौराह्यावर भाजीच्या गाड्याशेजारी आमची स्कूटर उभी होती. दोन सांडांची झुंज जुंपली आणि त्यांतील एकाने माघार घेताना आमच्या स्कूटरची वाट धरली. पुढचे प्लॅस्टिकचे कवच वीतभर चिरले. विक्रेत्याकडे गेलो, तर तुकडा मागवावा लागेल, तोही सुटा मिळणार नाही, संपूर्ण जोडच घ्यावा लागेल, असे उत्तर मिळाले. किंमत ऐकून आम्ही स्कूटर तशीच घरी आणली. शेजाऱ्यांनी सांगितले, की मुरारच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली एक कारागीर बसतो, मोटारींचे बंपर सांधतो, त्याला एकदा दाखवा.

कारागीर पंचविशीचा असेल. त्याने कवच उलटे करून पाहिले, नखाने चिरेचा शेवट चाचपला आणि म्हणाला, “मास्साब, इसमें गरम टाँका लगेगा.” त्याने हातात घेतलेले हत्यार पिस्तुलाच्या घाटाचे होते. नळीच्या जागी दोन पितळी दांडे, आणि त्यांत अडकवावयाचा पोलादी तारेचा एक नागमोडी तुकडा, दोन टोकांना दोन पाय असलेला. घोडा दाबला की दोन क्षणांत ती तार निखाऱ्यासारखी लाल होते. चिरेच्या आतल्या अंगाला, चीर मधोमध येईल अशा बेताने त्याने ती तार प्लॅस्टिकवर टेकवली, आणि लोण्यात सुरी जावी तशी ती आत गेली. घोडा सोडून तो तसाच थांबला. हळू आवाजात पाचपर्यंत मोजले आणि मग हत्यार मागे ओढून घेतले. तार आतच राहिली, बाहेर राहिलेले दोन पाय त्याने कटरने छाटून टाकले. असे आठ टाके त्याने बोटभर अंतराने घातले. त्याआधी चिरेच्या टोकाशी सुईएवढे छिद्र पाडावयास तो विसरला नाही. चीर पुढे सरकावयास टोकदार वाट लागते, गोल छिद्रापाशी तिचा जोर विखुरतो. हे त्याला कोणी शिकविले, असे विचारले तर हसून म्हणाला, “टूट-टूटके सीख गए.”

आतून बघितले तर कवच शस्त्रक्रिया झालेल्या पोटासारखे दिसे. बाहेरून मात्र केसाएवढी रेघ. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून त्याने तीही बुजविली.

आम्ही मराठीचे शिक्षक, त्यामुळे स्कूटरपेक्षा ‘टाँका’ हा शब्दच आमच्या मनात अधिक काळ घोळत राहिला. हिंदीत शिंप्याचा टाँका आणि कथलाने सांधण्याचा टाँका एकच. आपल्या मराठीत शिवणीचा टाका वेगळा, आणि गळक्या भांड्याला आपण ‘डाग’ देतो. आमच्या लष्करच्या घरी तांब्याचा बंब गळू लागला की आजी डाग देणाऱ्याला हाक मारी. या हत्यारात शिवण आणि डाग दोन्ही आहेत, तेव्हा कारागिराचा शब्द आम्हांस आपल्या दोन्ही शब्दांहून नेमका वाटला.

फुटल्या वस्तूला धातूचा टाका घालण्याची कल्पना काही नवी नाही. चीनमध्ये चिनी मातीची फुटकी भांडी बारीक छिद्रे पाडून धातूच्या टाचांनी जोडण्याची कला फार जुनी आहे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात फिकट हिरव्या झिलईचा एक चिनी वाडगा आहे. त्याची कथा अशी सांगतात, की १५व्या शतकातला जपानचा शोगुन आशिकागा योशिमासा याच्याजवळ तो होता. तो तडकला तेव्हा तसाच दुसरा मिळावा म्हणून त्याने तो चीनला पाठविला. तिकडून उत्तर आले, की आता असा घडत नाही, आणि तोच वाडगा टाचा मारून परत आला. त्या टाचा टोळासारख्या दिसतात, म्हणून वाडग्याचे नावही त्यांच्यावरूनच पडले. आमच्या स्कूटरच्या कवचाची तेवढी योग्यता नाही, पण ‘तसाच दुसरा मिळत नाही’ हे उत्तर तेवढे आमच्या ओळखीचे होते.

मातीचे भांडे वितळत नाही म्हणून तिथे छिद्र पाडावे लागते. प्लॅस्टिकमध्ये टाका स्वतःची वाट वितळवून घेतो, आणि थंड होताना तेच प्लॅस्टिक तारेच्या वळणांभोवती आवळून बसते. तार नागमोडी असते ती याचसाठी. सरळ तार ताण आला की सुटून येईल. मात्र हे सर्व प्लॅस्टिकांना लागू नाही. १९०७ साली बेकलंड यांनी शोधलेले बेकेलाइट, किंवा मेलामाइनची ताटे, एकदा घट्ट झाली की तापवून पुन्हा मऊ होत नाहीत, ती करपतात. त्यांना गरम टाका चालत नाही. बादल्या, टब, खुर्च्या, मोटारींचे बंपर हे बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचे. पॉलिप्रॉपिलीन १९५४ साली इटलीत नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि या कामाबद्दल त्यांना जर्मनीच्या झीग्लर यांच्यासमवेत १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन्ही प्लॅस्टिकांचा पृष्ठभाग मेणचट असतो, डिंक त्यांना धरतच नाही. आमच्या घरातील कित्येक नळ्या ‘सर्व काही चिकटविणाऱ्या’ डिंकाच्या, बादलीच्या पायी वाया गेल्या त्याचे कारण आम्हांस इतक्या वर्षांनी कळले. डिंक जिथे हरतो तिथे टाका कामास येतो.

आम्ही ते हत्यार विकत घेतले. दोन-अडीच हजार रुपये पडले, आणि सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, की एवढ्यात बादल्या किती आल्या असत्या. पहिले प्रयोग बादलीवरच झाले. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात किंवा दोन कोनांमध्ये अक्षरे असतील तर जात कळते. नसतील तर कोपऱ्याची एक कपची पाण्यात टाकावी. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यावर तरंगतात, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. ही परीक्षा आठवीच्या मुलांपुढे केली, तर वर्गात शाळेतील यच्चयावत कंपासपेट्या पाण्यात पडल्या. पीव्हीसीच्या वाटेस मात्र जाऊ नये, ते तापले की आम्लाची घातक वाफ सुटते. इतर प्लॅस्टिकचा धूरही छातीस बरा नव्हे, म्हणून हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, डोळ्यांवर चष्मा घालून करावे. छाटलेला तारेचा पाय उडून कुठे जाईल याचा नेम नसतो. टाका जाडीच्या अर्ध्याहून थोडा अधिक आत जावा. पार गेला तर पलीकडे टोचतो, वरवर बसला तर निघतो. आमची बादली सांधली गेली, पण टाक्यांच्या कडेने पाणी पाझरू लागले. वरून वितळलेल्या कांडीचा थर दिला तेव्हा कुठे थांबले.

यश माणसाला धीट करते. घरच्या एका खुर्चीचा मागचा पाय बुडाशी चिरला होता. आम्ही त्यास सहा टाके घातले, वर थर दिला, स्वतः बसून पाहिले आणि ती बैठकीत ठेवली. महिनाभराने लष्करहून आमचे मामा आले. वय ७८. नेमके त्याच खुर्चीत बसले, आणि चहाचा पेला घ्यावयास किंचित मागे रेलले. पाय सांध्यापाशीच सुटला. मामा मागे पडले, उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर आम्ही बसलो होतो, तेव्हा आम्हांस आमच्या कौशल्याची जी लाज वाटली ती सांगून कळावयाची नाही.

मामा पूर्वी जे. सी. मिलमध्ये फिटर होते. ती मिल बंद पडून आता कित्येक वर्षे झाली, पण फिटरचा डोळा गेलेला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून तुटलेला पाय मागवून घेतला. डाव्या हाताने उलटसुलट करीत म्हणाले, “अरे, टाके चुकलेले नाहीत. जागा चुकली. खुर्चीचा पाय दर वेळी बाहेरच्या अंगास वाकतो. तार आपली जागा धरून बसते, पण तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक रोज थोडे थोडे ढिले होते. तू बसून पाहिलेस तेव्हा ते नवे होते. आणि हे बघ, वर पांढुरके पडले आहे. गच्चीवर उन्हात होती ना ही?” होती. ग्वाल्हेरच्या मे-जूनचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि त्या उन्हात वर्षानुवर्षे राहिलेले प्लॅस्टिक आतून ठिसूळ होते. नखाने खरवडले तर भुकटी निघते. अशा अंगास टाका घालणे म्हणजे कुजक्या कापडास शिवण घालणे.

“कवच सांध, झाकण सांध, बादली सांध,” मामा म्हणाले, “पण ज्याच्यावर माणसाचा जीव टेकतो ते सांधू नको.” शिरस्त्राण, पेट्रोलची टाकी, शिडी, पाळण्याची कडी, विजेच्या उपकरणाचे आवरण ही नावे त्यांनीच बोटांवर मोजली, अर्थात डाव्या हाताच्या.

त्यानंतर दिवाळीच्या सुटीत आम्ही ती खोली उघडली. ३४ खुर्च्या अंगणात ओळीने मांडल्या आणि मामांच्या फूटपट्टीने तपासल्या. पाय किंवा बैठक फुटलेल्या १९, त्या बाजूस गेल्या. पांढुरक्या पडलेल्या ६, त्याही गेल्या. उरलेल्या ९ खुर्च्यांची केवळ पाठीची पट्टी किंवा हात चिरला होता. त्यांना टाके घातले. तुटक्या खुर्च्यांच्या पट्ट्या कापून त्यांच्याच कांड्या केल्या, त्यामुळे रंगही जुळला. प्रत्येकीच्या बुडाशी तारीख लिहिली, आणि दर तीन महिन्यांनी चाचपून पाहावयाचे असे शिपायाच्या वहीत नोंदविले. बाकीच्या २५ साठी अपलेखनाचा प्रस्ताव अखेर आम्ही लिहावयास घेतला, तोवर निदान ९ मुलांची चटई सुटली आहे.

मामांचे मनगट सुधारले, पण पाऊस आला की ठणकते. परवा शाळेच्या वार्षिकोत्सवास ते आले होते. आम्ही पहिल्या रांगेतील खुर्ची पुढे केली, तेव्हा त्यांनी आधी ती उलटी केली, बुडाशी लिहिलेली तारीख वाचली, चष्मा कपाळावर चढवून टाके मोजले, आणि मग ती सरळ ठेवून तिच्यात बसले.