पाइपातले बिल्ले

प्रोग्राम मध्यरात्री कोसळतो आणि मागे कोअर फाइल टाकून जातो. सकाळी ती जीडीबी या डीबगरमध्ये उघडावी, शेवटच्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते ती साखळी पाहावी, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशा प्रश्नचिन्हांसमोर मी दोन दिवस बसून काढले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठांनी विचारलं, "अगं, डीबगइन्फो घातलंयस का?" पॅकेज घातलं आणि त्याच साखळीत फंक्शनची नावं, फाइली, ओळींचे आकडे उमटले. ही सगळी माहिती कोणीतरी आधीच काढून, बांधून, ठिकाणी ठेवली होती.

ते काम करते एक शेल स्क्रिप्ट. नाव फाइंड-डीबगइन्फो. फेडोरासारख्या आरपीएम पॅकेजं वापरणाऱ्या लिनक्सवर पॅकेज बांधून झालं की शेवटच्या टप्प्यात ती चालते. वर्षानुवर्षे ती आरपीएमच्याच घरात राहिली. २०२१ मध्ये डीबगएडिट नावाच्या वेगळ्या प्रकल्पात राहायला गेली. मी ती पुन्हा पुन्हा वाचते, कारण शेलमध्ये काम वाटून देणं म्हणजे काय, हे मला तिनेच शिकवलं.

कंपाइल झालेली फाइल लिनक्सवर एल्फ या साच्यात असते. कोणतीही उघडून पाहा, पहिला बाइट ७एफ आणि त्यामागे ई, एल, एफ ही तीन अक्षरं. डीबगिंगची माहिती तिच्यातच ड्वार्फ या दुसऱ्या साच्यात भरलेली असते: कोणता पत्ता कोणत्या ओळीतून आला, कोणतं व्हेरिएबल कुठे ठेवलंय, त्याचा प्रकार काय. एल्फनंतर ड्वार्फ, परीकथेतली जोडी. ही माहिती कित्येकदा खुद्द कोडच्या अनेक पट मोठी भरते. रोजच्या वापराला तिची गरज नाही, म्हणून ती काढून वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि मूळ फाइल हलकी करायची.

स्क्रिप्ट आधी फाइंडने फाइली गोळा करते, फाइल या आज्ञेला एकेकीचं वर्णन विचारते आणि ज्यांच्या वर्णनात 'एल्फ' आणि 'नॉट स्ट्रिप्ड', म्हणजे अजून न सोललेली, हे शब्द आहेत तेवढ्या सेडने निवडते. पुढची खबरदारी मला फार आवडते. एकाच फाइलीला दोन नावं असू शकतात. त्याला हार्ड लिंक म्हणतात. दोन्ही नावं यादीत राहिली तर एकच फाइल दोनदा सोलली जाईल, आणि दुसऱ्या खेपेला काढण्यासारखं काहीच उरलेलं नसेल. दोघांनी एकाच वेळी सोलायला घेतली तर विचारूच नका. म्हणून स्क्रिप्ट नावांवर विसंबत नाही. डिव्हाइस आणि आयनोडचा आकडा पाहते, पहिलं नाव मुख्य यादीत घालते आणि बाकीची बाजूला काढते.

या यादीतल्या फाइली पूर्वी एकापाठोपाठ एक हातावेगळ्या व्हायच्या. मोठ्या पॅकेजचं कंपाइल प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर झपाट्याने उरकायचं, आणि मग एकच कोअर राबायचा, बाकीचे बसून. २०१७ मध्ये आरपीएमच्या ४.१४ या आवृत्तीबरोबर हे काम समांतर चालू लागलं.

आता वाटणी कशी करायची? यादीचे आधीच सारखे भाग पाडणं सोपं. पण फाइली सारख्या नसतात. एकाच्या वाट्याला अवाढव्य लायब्ररी येते, दुसऱ्याच्या वाट्याला चार चिमुकली साधनं, आणि शेवटी पुन्हा सगळे एकट्याची वाट पाहत बसतात. त्यापेक्षा दवाखान्यातल्या बिल्ल्यांची रीत बरी: ज्याचा हात मोकळा होईल त्याने पुढचा बिल्ला उचलावा. पण बिल्ले वाटायला कंपाउंडर कुठून आणायचा?

स्क्रिप्ट तो आणतच नाही. फाइलींचे अनुक्रमांक सोळाच्या पायातल्या आकड्यांत लिहून ती एका पाइपमध्ये सोडते. प्रत्येक आकडा डावीकडे शून्यं भरून सारख्याच रुंदीचा केलेला, म्हणजे प्रत्येक बिल्ला नेमक्या तेवढ्याच बाइटांचा. पाइपच्या दुसऱ्या तोंडाशी सगळे कामगार, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रोसेस, उभे. शेलची रीड आज्ञा इथे चालत नाही, कारण ती एकेक बाइट वाचते: एक आकडा या कामगाराने उचलला, पुढचा त्याने, असं झालं तर दोघांच्याही हातात खोटा बिल्ला. म्हणून प्रत्येक जण डीडी या आज्ञेला बोलावतो आणि एका बिल्ल्याएवढे बाइट एकाच वाचनात मागतो. ते वाचन चालू असताना कर्नल दुसऱ्याला मध्ये घुसू देत नाही. वाटपाची सगळी शिस्त त्या एका ओळीत आहे. केन थॉम्प्सनने १९७३ मध्ये युनिक्सला पाइप दिला तो एका प्रोग्रामचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायला. इथे तोच पाइप रांग सांभाळतो.

त्याच ठिकाणी आणखी एक बारकावा आहे. स्क्रिप्टमध्ये एखादं काम मागे चालत ठेवलं, की शेल त्याचं इनपुट गुपचूप डेव्ह-नल या रिकाम्या फाइलीकडे वळवतो. कामगारांना पाइप दिसणारच नाही. म्हणून आधी पाइपची एक प्रत तीन क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर काढून ठेवायची आणि ती प्रत्येकाच्या हाती द्यायची. असं का केलंय, हे लिहिणाऱ्याने टीपेत नोंदवून ठेवलंय. त्या टीपेने माझे किती तास वाचवले असतील!

कामगार लिहितात तेही आपापल्या फाइलीत. हे मला नीट कळलं ते हात पोळल्यावर. शेकडो लायब्रऱ्यांची सिंबल्स एनएम या आज्ञेने एकाच वेळी काढून मी सगळ्यांचं आउटपुट एकाच फाइलीत जोडत होते. मोठं आउटपुट तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतं, त्यामुळे एका लायब्ररीची ओळ मध्येच तुटून दुसरीच्या पोटात शिरली, आणि त्या यादीवर विसंबून मी एक दिवस भलत्याच फंक्शनच्या मागे धावले. फाइंड-डीबगइन्फोत प्रत्येक कामगाराची सोर्स-यादी वेगळी असते आणि निकालाची चिठ्ठीही वेगळी. सगळे परत आले की याद्या कॅटने एकत्र होतात. एखाद्या चिठ्ठीत शून्याखेरीज काही दिसलं तर तिथेच काम थांबतं. मागे सोडलेल्या कामाचं अपयश शेल आपणहून ओरडून सांगत नाही, ते असं विचारून घ्यावं लागतं.

एकेका फाइलीचं काम मग सरळ आहे. डीबगएडिट ड्वार्फमधले बांधणीच्या जागेचे पत्ते बदलून सोर्सची कायमची जागा लिहितो. त्यानंतर माहिती वेगळी काढली जाते. दोन्ही तुकड्यांवर बिल्ड-आयडी ही ओळखखूण एकच राहते, सहसा चाळीस अंकांची. पहिले दोन अंक फोल्डरचं नाव, उरलेले अडतीस फाइलीचं. पुढे डीडब्ल्यूझेड हा प्रोग्राम येतो. अनेक फाइलींत पुन्हा पुन्हा आलेली सारखी माहिती तो एका सामाईक फाइलीत काढतो, आणि त्यासाठी सगळ्या फाइली एकदम समोर लागतात. म्हणून शेवटचा कामगार परतेपर्यंत त्याला थांबावंच लागतं.

आता त्या बिल्ड-आयडीवरून माहिती नेटवरूनही मिळते. डीबगइन्फोडी हा सर्व्हर २०१९ मध्ये आला आणि २०२१ च्या फेडोरा ३५ पासून त्याची सोय आपोआप चालू असते. जीडीबी कोअर फाइलीतले चाळीस अंक वाचतो, सर्व्हरला विचारतो आणि माहिती उतरवून घेतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने परवा पहिली कोअर फाइल उघडली तेव्हा साखळीत नावं पहिल्यापासूनच होती. मी त्याला स्क्रिप्टमधली डीडीची ओळ उघडून दाखवली.