अळीला सवय लागत नाही

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं जऊळका हे वाशीम जिल्ह्यातलं गाव. सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, ही या भागातली ओळखीची पिकं. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की इथेच काय, विदर्भात कुठेही एक वाक्य कानावर येतं: ‘अळीला आता बीटीची सवय झाली.’ वाक्य साधं आहे, पण चुकीचं आहे. सवय म्हटलं की आपल्या हातात काही उरत नाही. खरं कारण मात्र अळीच्या डीएनएत आहे, आणि ते कळलं तर करण्यासारखं बरंच काही आहे.

डीएनए फक्त बीटी बियाण्यात असतो, गावरान बियाण्यात नसतो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. तुरीच्या प्रत्येक पेशीत डीएनए आहे, सोयाबीनच्या, बैलाच्या आणि तुमच्या-माझ्या पेशीतही आहे. आपण रोज वरण-भाकरीबरोबर तो खातो. पचनात त्याचे तुकडे होतात, त्यामुळे खाल्लेल्या पिकाची जनुकं आपल्या जनुकांत जाऊन बसत नाहीत. जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त प्रगत जीव, हेही खरं नाही. माणसात 46 गुणसूत्रं, तर आपल्याकडच्या बीटी संकरित कापसात 52. देशी कापसात 26 आणि तुरीत 22.

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे. साखर आणि फॉस्फेट यांची कड, आणि मधे चार रसायनांच्या जोड्या: ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये ही रचना मांडली. जोडी ठरलेली असल्यामुळे एका धाग्यावरून दुसरा हुबेहूब तयार करता येतो. पेशी दुभंगताना हेच घडतं. क्वचित एखादं अक्षर चुकतं, एखादा तुकडा गळतो. हा उत्परिवर्तनाचा क्षण पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

डीएनए स्वतः कामाला जात नाही. तलाठ्याकडचं मूळ दप्तर जागेवर राहतं आणि आपण सातबाऱ्याचा उतारा घेऊन येतो, तसा पेशीकेंद्रातल्या डीएनएचा उतारा म्हणजे आरएनए. तो बहुधा एकेरी धाग्याचा असतो, त्यात थायमीनऐवजी युरॅसिल असतं, आणि काम झालं की तो मोडतो. रायबोसोम त्यावरची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचतो आणि प्रथिन जोडत नेतो. हे तीन अक्षरी संकेत उलगडण्यातल्या वाट्यासाठी हरगोविंद खुराना यांना 1968 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पानाचा डीएनए वेगळा आणि बोंडाचा वेगळा, असंही नसतं. कापसाचा एकेक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते, ती लांबत जवळपास तीन सेंटिमीटर होते. वाढताना तिच्यात पानातल्या पेशीइतकाच पूर्ण डीएनए असतो. फरक असतो तो कुठले उतारे निघतात याचा.

आता बीटी. बियाण्यात जिवंत जंतू सोडलेला नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं एक जनुक कापसाच्या डीएनएत बसवलं आहे. जिवाणूची आणि कापसाची तीन अक्षरी भाषा एकच असल्यामुळे पऱ्हाटी ते वाचून प्रथिन बनवते. 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या वाणांत क्राय1एसी हे एक जनुक होतं, 2006 पासूनच्या बोलगार्ड-2 मध्ये क्राय2एबी हे दुसरंही आलं. अळीच्या आतड्यातल्या ठरावीक ग्राहक प्रथिनांना चिकटून हे विष आतडं फाडतं. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर त्याचा उपयोग नाही. आणि ‘टर्मिनेटर’ जनुक टाकून बी वांझ केलंय, ही जुनी भीतीही निराधार आहे. तसं बियाणं जगात कुठेही बाजारात आलं नाही. घरची सरकी पेरली तर उगवते, पण ती संकरिताची पुढची पिढी असल्यामुळे झाडं एकसारखी येत नाहीत.

मग अळी मरेनाशी का झाली? कुठल्याही एका अळीला विष पचवायची सवय लागली नाही. जी बाधली, ती मेलीच. पण लाखो अळ्यांत एखादीच्या डीएनएत आधीच अशी चूक असते की विष तिला लागू पडत नाही. भारतातल्या गुलाबी बोंडअळ्यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही चूक नेमकी दिसली. कॅडहेरिन हे आतड्यातलं ग्राहक प्रथिन. प्रतिकारक अळ्यांत त्याच्या जनुकाचे आरएनए उतारे भलत्याच ठिकाणी तुटून जोडले जात होते. प्रथिन बिघडलं, क्राय1एसीला चिकटायला जागा उरली नाही. बाकीच्या मरत गेल्या, या उरल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. पुढे क्राय2एबीलाही प्रतिकार दिसला, आणि 2017 च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीचं अतोनात नुकसान झालं.

ही चूक बहुधा आई आणि बाप दोघांकडून आली तरच अळी वाचते. एकाकडून आली तर ती बीटीवर मरते. म्हणून 450 ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी सरकी दिली जायची. तिच्यावर वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर व्हावा, हा हेतू. ते छोटं पाकीट बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही, आणि मला सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालेलं दिसतं. अमेरिकन बोंडअळी तूर आणि हरभऱ्यावरही जगते, तिचे साधे पतंग या पिकांवर आपोआप तयार होत राहिले. गुलाबी अळीचं आपल्याकडे खरं घर कापूसच, तिला दुसरा आसरा नव्हता.

फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखण्याचा, प्रश्नही याच हिशेबातला आहे. कपाशी डिसेंबरअखेर संपवली, पऱ्हाट्या उपटून नष्ट केल्या, तर अळीचा अन्नपुरवठा तुटतो. उन्हाळ्यापर्यंत पाणी देऊन झाडं राखली तर त्याच शेतात आणखी पिढ्या वाढतात, आणि प्रत्येक पिढीत बीटी पुन्हा तीच निवड करते: साधा डीएनए मरतो, चुकलेला उरतो. सुप्तावस्थेतली अळी शेतातल्या किडक्या बोंडांत आणि जिनिंगमधल्या सरकीतही दडून राहते, म्हणून कामगंध सापळे शेताइतकेच जिनिंगच्या आवारातही लावायला सांगतात.